पत्रातल्या ‘मी’ आणि ‘तू’ची अदलाबदल

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष, आदरणीय मुखरूजी भोयर; आपले मुख्याध्यापक सुनिल वाढई सर; सावली गावाहून मुद्दाम आलेले पाहुणे; बत्तीस वर्षं मला सांभाळून घेणारे माझे सहकारी; गावातले भाऊ, बाया, म्हातारी मंडळी; आणि समोर सतरंजीवर बसून ‘बाई कधी संपवतात’ याची वाट बघणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

आपण माझ्याबद्दल आत्ता जे काही बोललात ते ऐकताना मला दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं. ही कुणाबद्दल बोलतात मंडळी? वाढई सर म्हणाले, “इंदुताईंच्या हातून व्याकरणाची चूक होणं म्हणजे वैनगंगा उलटी वाहणं.” टाळ्याही पडल्या. शाल खांद्यावर असताना अशा वाक्यावर गप्प बसणं सोयीचं असतं. पण सर, नदी एकदा उलटी वाहिली आहे. निरोपाच्या दिवशी माणसाने स्वतःबद्दल थोडं खरं बोलावं असं मला वाटतं, म्हणून ती हकिगत सांगते.

ही हकिगत माझी एकटीची नाही. आपल्या शाळेत पोषण आहार शिजवणारी कुंता हिचीही आहे. काल तिच्या घरी जाऊन मी परवानगी मागितली. ती म्हणाली, “सांगा नं बाई. पन माया बोलनं सुधरवू नका. मी जसा बोलतो तसाच सांगा.” तेव्हा तिचं बोलणं मी आज तिच्याच भाषेत सांगणार आहे.

कुंताला तुम्ही सगळे ओळखता. तिचे वडील पत्रूभाऊ तलावात आणि नदीवर मासोळी धरायचे. कुंता नऊ वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली आणि मागे एक लहान मुलगी राहिली, रीता. कुंताची शाळा तिसरीतच सुटली, कारण ते लेकरू तिच्या काखेला आलं. आठ महिने तिने बहिणीला पेज भरवली. पण पोर वाळत चाललं होतं. शेवटी पत्रूभाऊंनी तिला नागपूरच्या एका संस्थेत नेऊन दिलं. पुढे कळलं, एका परदेशी जोडप्याने तिला दत्तक घेतलं. कुठला देश, ते कुणी सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. विचारायचा अधिकार आपल्याला उरला आहे असं गरीब माणसाला कुठे वाटतं?

एकोणतीस वर्षांनी, २०१९ च्या पोळ्याच्या आधी, त्या संस्थेकडून एक पाकीट आलं. कुंता ते पदराखाली झाकून शाळेत घेऊन आली. आत दीड पान हाताने लिहिलेलं पत्र होतं आणि एक फोटो: चष्मा घातलेली एक बाई समुद्राकाठी उभी, आणि हनुवटी अगदी कुंताची. सोबत संस्थेची चिठ्ठी होती. पत्र स्पॅनिश भाषेत आहे. मुलीचं नाव आता मार्ता. ती स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात राहते. उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत पाठवल्यास आम्ही भाषांतर करून देऊ.

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. संस्थेने भाषांतर करून देऊ असं लिहिलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात मोबाईलवरही भाषांतर करून देतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कुंताला ते नको होतं. ती म्हणाली, “माया बहिणीचं पत्र मले दुकानात नाई वाचाचं. तुमी वाचा बाई. तुमाले सारं येते.”

‘तुमाले सारं येते.’ शिक्षकाला बिघडवायला एवढे तीन शब्द पुरतात.

मी माझ्या मुलीला, दीपिकाला, नागपूरहून स्पॅनिशचं पुस्तक पाठवायला सांगितलं. शब्दकोशही मागवला. तीन आठवडे मी त्या दीड पानाशी झुंजले आणि पत्र लावलं. मार्ताने लिहिलं होतं की मी रुग्णालयात काम करते. माझे वडील जिवंत आहेत का? मला एक बहीण होती असं कागदात लिहिलं आहे, ती कुठे आहे? हे मी कुंताला वाचून दाखवलं तेव्हा तिने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवलं. पत्रूभाऊंना तिने तेच सांगितलं. त्या दिवसापासून म्हातारा शाळेच्या फाटकाशी येऊन बसू लागला. मी दिसले की विचारायचा, “लिवलं का बाई?”

आता थोडं व्याकरण. मुलांनो, तोंडं वाकडी करू नका, आज शेवटचं. स्पॅनिशमध्ये ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. शेवटचा ‘आर’ काढून टाकायचा, उरलं ‘आब्ल’. आता त्याला एकेक शेपूट लावायचं. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलते. ‘आब्लास’, तू बोलतेस. ‘आब्ला’, तो बोलतो किंवा ती बोलते. ‘आब्लामोस’, आम्ही बोलतो. ‘आब्लाइस’, तुम्ही सगळे बोलता. ‘आब्लान’, ते बोलतात. ‘एर’ आणि ‘इर’ने संपणाऱ्या क्रियापदांची शेपटं जराशी वेगळी, पण ‘मी’ला तिथेही ‘ओ’च आणि ‘तू’च्या शेवटी ‘स’च. नियमित क्रियापदं सगळी याच चाकोरीतून जातात. आणि पुस्तक म्हणत होतं, ‘मी’, ‘तू’ हे शब्द वेगळे लिहायची गरज नाही. कर्ता कोण ते शेपटावरूनच कळतं.

केवढी आटोपशीर भाषा, मला वाटलं. इतकी वर्षं क्रियापदं चालवणाऱ्या बाईला सहा शेपटं काय जड जाणार? पत्र वाचताना अर्थ शब्दकोशावरून आणि संदर्भाने लागला होता; आता लिहायचं म्हणून मी मोबाईलवरच्या एका शिकवणीतून तक्ता वहीत उतरवत होते. उतरवता उतरवता रेंज गेली. शेपटं लिहून झाली होती, वरचे मथळे राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी ते मथळे मनानेच लिहिले. पुस्तक दोन हातांवर पडलं होतं. उघडून पडताळायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला पाठ आहे असं वाटलं आणि मी ‘मी’च्या जागी ‘तू’ लिहिलं, ‘तू’च्या जागी ‘मी’.

दसऱ्यानंतर आम्ही उत्तर लिहायला बसलो. कुंता सांगत होती, मी लिहीत होते.

“लिवा बाई. बाबा तुयी वाट पाह्यते.” ते वाक्य बरोबर उतरलं. वडिलांचं शेपूट चुकलं नव्हतं.

“तुले काई लागलं तं मी पाठवतो.” कुंता काय पाठवणार होती स्पेनला? पण ती म्हणाली, “तांदूळ पाठवन, सुकी मासोळी पाठवन. मोठी बहीन होय मी.”

“तू इथी आली का मी मासोळी रांधतो.”

पाठवण्याला स्पॅनिशमध्ये ‘मान्दार’ म्हणतात. ‘मान्दो’ म्हणजे मी पाठवते आणि ‘मान्दास’ म्हणजे तू पाठवतेस. माझ्या तक्त्याप्रमाणे मी सगळं सुवाच्य अक्षरात उलटं लिहिलं. ‘यो’ म्हणजे मी आणि ‘तू’ म्हणजे तूच, हे दोन शब्द मी पुस्तकाच्या सांगण्यावरून गाळले होते. ते असते तर निदान शंका तरी आली असती. वालेन्सियात पत्र पोचलं त्याचा अर्थ असा झाला: मला काही लागलं तर तू पाठवतेस. मी आले की तू मासोळी रांधतेस.

जी बाई आपलं असेल नसेल ते द्यायला निघाली होती, तिला मी मागणारी करून टाकली.

अर्थात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सावलीच्या पोस्टातून पाकीट रवाना करून मी मोठ्या तोऱ्यात परत आले. स्टाफरूममध्ये चार वाक्यं म्हणूनही दाखवली. सहकाऱ्यांना आठवत असेल.

उत्तर आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पत्रूभाऊ फाटकाशी बसायचेच. “पोरीचं काई आलं का बाई?” मी म्हणायचे, “दूरचा देश आहे भाऊ, येईल.” मग मार्च आला आणि टीव्हीवर कोरोनाच्या बातम्यांत रोज स्पेनचं नाव येऊ लागलं. रुग्णालयं, शवपेट्या. कुंताला बहिणीबद्दल नेमकी एवढीच गोष्ट माहीत होती की ती रुग्णालयात काम करते. तिने टीव्ही बंद करून त्यावर चादर टाकली.

टाळेबंदीत मला वेळच वेळ होता. जूनमध्ये मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. पहिलाच तक्ता. ‘मी’, आणि पुढे ‘ओ’. मी वही काढली. पत्राचा कच्चा मसुदा वहीतच होता. मी तो तीनदा वाचला. वहीतल्या तक्त्यात ‘मी’पुढे ‘स’ होता.

आता मी काय केलं ते सांगते, आणि हे सांगायला मला पत्रातल्या चुकीपेक्षा जास्त लाज वाटते. मी कुंताला काही सांगितलं नाही. पोस्टात विचारलं, परदेशी टपाल बंद होतं. ते कारण मला आधारासारखं वाटलं. पुढे टपाल सुरू झालं तेव्हा मी पोस्टात गेलेच नाही. दुरुस्तीचं पत्र पाठवायचं तर आधी कुंताजवळ चूक कबूल करावी लागली असती, आणि ‘तुमाले सारं येते’ हे ऐकायची मला सवय लागली होती.

डिसेंबरात पत्रूभाऊ अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “बाई, तिनं मले माफ नाई केलं. बरोबरच हाय तिचं.” मी त्यांच्या खाटेशी बसले होते. माझ्याजवळ त्यांना सांगायला एक वाक्य होतं: भाऊ, तिने तुमचं म्हणणं ऐकलंच नाही, मी चुकीचं लिहिलं. बाजूला चार शेजारी होते. मी म्हटलं, पुन्हा येऊन सांगेन. चौथ्या दिवशी पत्रूभाऊ गेले.

विद्यार्थ्यांच्या वहीतल्या चुकीवर मी लाल रेघ मारत आले. या चुकीवर मारायला माझ्याजवळ कुठलीच शाई नाही.

तेरवी झाल्यावर मी कुंताच्या अंगणात गेले. ती जाळं झटकत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जूनमध्ये कळलं होतं हेसुद्धा. ती जाळं घडी करत राहिली. मग विचारलं, “म्हंजे तिले वाटलं का आमी मागून राह्यलो?”

“हो.”

“आन् बाबा जित्ता होता तवा तुमाले ठाव होतं?”

“हो.”

ती आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाही. ती चहा घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला, स्वतः घेतला नाही आणि परत आत गेली. तो चहा मी प्यायले. कसा, ते विचारू नका.

त्यानंतर तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. शाळा बंद होती, पण मुलांना कोरडा तांदूळ आणि डाळ वाटायला आम्ही दोघी यायचो. ती मोजायची, मी यादीवर खूण करायची. नावापलीकडे शब्द नाही. ती तक्रार घेऊन कुणाकडे गेली नाही. वाढई सर, तुम्हालाही हे आज पहिल्यांदा कळतं आहे.

होळीनंतर एक दिवस ती पिशवीतून दुरेघी वही घेऊन आली. म्हणाली, “मले शिकवा. आता माया हातानं लिवीन.”

मी म्हटलं, “कुंता, आपण संस्थेकडून लिहून घेऊ. ते चुकणार नाहीत.”

“काऊन? मले नाई येनार?”

तिसरीत शाळा सुटलेली बाई. आधी रोमन अक्षरं, मग शब्द. रोज तांदूळ वाटून झाला की व्हरांड्यात एक तास. शब्दांच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘मान्दो’, ‘मान्दास’ लिहिलं आणि सांगितलं, याचा अर्थ ‘मी पाठवते’, ‘तू पाठवतेस’. तिने दोनदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाली, “मी पाठवतो. मान्दो. हे तं माया बोलन्यावानीच हाय बाई. आन् ‘तू पाठवतोस’, त्यात बी ‘स’च हाय.”

मी खडू खाली ठेवला. कुंता ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलते. तिची आईही तसंच बोलायची. असं बोलणाऱ्या मुलींना मी वर्षानुवर्षं उभं केलं आहे. ‘जातो काय म्हणतेस? जाते म्हण.’ इथे पदर खोचून बसलेल्यांपैकी कितीतरी जणींना उभं केलं असेल. आणि त्या दिवशी पत्र लिहिताना कुंता माझ्या शेजारी बसून ‘मी पाठवतो’, ‘मी रांधतो’ असा ‘ओ’ माझ्या कानात घालत होती. माझा कान तिची भाषा सुधारण्यात गुंतला होता, त्यामुळे तो ओ मला ऐकूच आला नाही.

जूनपर्यंत तिने तिन्ही वर्गांची क्रियापदं बसवली. पत्र तिने स्वतः लिहिलं. सात ओळी. मी म्हटलं, “प्रत्येक ठिकाणी ‘यो’ आणि ‘तू’ लिहायची गरज नाही. शेपटातच कर्ता आहे.” ती म्हणाली, “एकदा चुकलो नं बाई. आता दोनी लिवू.” तिने दोन्ही लिहिलं आणि खाली रेघही मारली. मी पाठवते. तू पाठवत नाहीस. मला काही लागत नाही. मी शाळेत स्वयंपाक करते. बाबा आता जिवंत नाहीत. मी वाट बघते. सातव्या ओळीत तिने फक्त रीता असं नाव लिहिलं होतं.

सोबत मी माझी वेगळी चिठ्ठी जोडली. आधीच्या पत्रातली चूक माझी, असं त्यात लिहिलं. प्रत्येक शब्द पुस्तकाशी पडताळला.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. मार्ता सुखरूप होती. तिने लिहिलं होतं की, तिकडची माणसं मागत राहतील, असं तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. आमचं पत्र वाचून तिला वाटलं, हे तेच. तिने ते कपाटात ठेवलं, पण फाडलं नाही. एका वाक्याने विचारून घ्यायला हवं होतं, तेही मी केलं नाही, असं तिने लिहिलं होतं. वडिलांबद्दल तिने काही लिहिलं नव्हतं. पानाचा खालचा भाग कोरा सोडला होता.

२०२३ च्या जानेवारीत ती आली. नऊ दिवस राहिली. तुमच्यापैकी अनेकांनी तिला जेवायला बोलावलंत, गावभर ती फिरली. पण आदल्या आठवड्यात काय चाललं होतं ते कुणाला माहीत नाही. कुंताला बहिणीला एकच गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची होती, तिला दिलं तो दिवस. आणि कुंताला फक्त वर्तमानकाळ येत होता. मी भूतकाळ शिकवायला घेतला. ती म्हणाली, “राहू द्या बाई. मले तो दिवस रोजच दिसते. आताचंच पुरते.”

मग तिने वाक्यं जुळवली. मी चालते. तुला घेऊन जाते. तू रडतेस. पुढचं वाक्य होतं, संस्थेत सोपवण्याचं. ‘एन्त्रेगार’ म्हणजे सोपवणे. मी सांगितलं, “इथे ‘एन्त्रेगा’ म्हण. बाबा सोपवतो. कर्ता बाबा.”

कुंता म्हणाली, “आमीचं काय होते?”

“एन्त्रेगामोस. पण ते कशाला? तू नऊ वर्षांची होतीस. तुला कुणी विचारलंही नव्हतं.”

“मी बी होती नं तिथी. माया काखेतूनच घेतली तिले बाबानं. एकट्या बाबानं नाई दिली. आमी दिली.”

मी तिच्या वहीत ‘एन्त्रेगामोस’ लिहिलं. कर्ता कोण, हे ठरवायचा हक्क कर्त्याचा असतो.

मार्ता आल्यावर तिसऱ्या दिवशी दोघी सावलीच्या बसथांब्याच्या वाटेने निघाल्या. त्या दिवशी बाप आणि नऊ वर्षांची कुंता ज्या वाटेने चालले होते तीच वाट. कुंताच्या सांगण्यावरून मी दहा पावलं मागे होते, अडलं तर सांगायला. तिचं अडलं नाही. कामिनो, चालते. योरास, रडतेस. एकेक क्रियापद म्हणत ती चालत होती. आणि मग म्हणाली, “एन्त्रेगामोस.”

‘आर’ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांत एक गंमत आहे. ‘आम्ही’चं रूप आजचं आणि कालचं एकच असतं. सोपवतो आणि सोपवलं, दोन्ही ‘एन्त्रेगामोस’. कुंताला हे ठाऊक नव्हतं. मी शिकवलंच नव्हतं. पण तिने त्या वाटेवर निवडलेला तो एकच शब्द मार्ताला भूतकाळात ऐकू गेला, अगदी बरोबर.

मार्ता थांबली. तिने विचारलं, “योरास?” म्हणजे, तू रडतेस?

कुंताने आधी मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, “योरामोस.”

आम्ही रडतो. आम्ही रडलो. कुठला अर्थ घ्यायचा ते मी कुणाला सांगितलं नाही. मी तिथूनच मागे फिरले. दहा पावलांवर माझं काही काम उरलं नव्हतं.

असो. बोलता बोलता वेळेचं भान सुटलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेलं मी पाहिलं आहे. आपल्या शिक्षणसंस्थेने मला नोकरी दिली, शाळेने मान दिला, या गावाने माझ्या गोंडपिपरीच्या माहेराची उणीव भासू दिली नाही, आणि आज शाल-श्रीफळ देऊन एवढ्या प्रेमाने निरोप देता आहात, याबद्दल मी आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. भाषणात कमी-जास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. पण एवढ्या वर्षांत मी कुणाचं बोलणं उगाच खोडलं असेल, कुणाच्या वहीत बरोबर होतं ते चूक ठरवलं असेल, तर ते पोटात घालू नका. घरी या आणि मला सांगा. आता दुपारी मी रिकामीच असते.

नमस्कार.